ह्यात काही नाही

फिदेन्सियाच्या दारावरची पाटी तिच्या भाचीने लावलेली. 'व्हीगन स्वयंपाक शिका. तीन दिवस.' येसेनिया वाहाका शहरात हॉटेलात कामाला, तिला परदेशी पाहुण्यांची नाडी बरोबर सापडते. तिनेच मावशीला समोर बसवून पढवलं होतं, "मावशी, ह्यांना मांस नको, अंडं नको, दूध नको, चीज नको. मधसुद्धा नको."

"मग जगतात कशावर मेले? धुपावर?" फिदेन्सिया म्हणाली होती.

पण शिकवायला लागली आणि जमलं. तीन वर्षं झाली त्याला. परदेशी पोरी पाट्यावर वाटायला बसत, गुडघे दुखले की कुरकुरत, आणि शेवटी मोले, म्हणजे आमचा दाट रस्सा, झाला की बोटं चाटत. चाटतील नाही तर काय! भाजलेल्या मिरच्या, तीळ, बदाम, कोको असे वीस-बावीस जिन्नस वाटायचे आणि ते वाटण मोठा चमचाभर मान्तेकेत परतायचं. त्याशिवाय मोलेला मोले कोण म्हणेल? मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. पांढरीशुभ्र, डब्यात मिठाशेजारी असते ती. येसेनियाच्या यादीत ती नव्हतीच. असणार कशी? आमच्याकडे मांस म्हणजे गाईचं. कोंबडी ती कोंबडी आणि मान्तेका ती मान्तेका. एकदा एका जर्मन पोरीने तो डबा उघडून "हे काय?" म्हणून विचारलं, तेव्हा फिदेन्सियाने घाईघाईने झाकण लावलं आणि तिला कोथिंबीर निवडायला बसवलं. का बसवलं, ते तिने स्वतःला विचारलं नाही. तेव्हाच विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं.

ह्या खेपेला, ऐन पितरांच्या दिवसांत, नेलिदा एकटीच शिकायला आली. उरुग्वेतल्या पायसांदू गावची. पासष्टीची, उंच, मोठ्या हाडाची, हात पुरुषासारखे. आल्या दिवसापासून अगं-तुगं. आता दक्षिणेकडच्या लोकांची बोलीच तशी, पण फिदेन्सियाला शेजारपाजार पन्नास वर्षं मानाने 'दोन्या फिदेन्सिया' म्हणत आलेला. ती फणकारलीच, "तुमच्या गावात कुणाला अहो म्हटलं तर जीभ झडते का हो बाई?"

"झडत नाही गं. सवय नाही," नेलिदा म्हणाली. हसली नाही. ती हसतच नसे.

तिच्याजवळ एक जुनी वही होती. पहिल्या पानावर दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात सात गावांची नावं, सहांवर रेघ मारलेली. सातवं आमचं. एकेका गावात तीन दिवस, चार दिवस राहून ती बाई बिनमांसाचा स्वयंपाक शिकत आली होती. पाट्यावर बसली की उठायचं नाव नाही, बोटं सोलली तरी नाही. अशी शिष्या फिदेन्सियाला आजवर मिळाली नव्हती. पहिल्याच संध्याकाळी नेलिदाने पर्समधून एक फोटो काढला. तिशीच्या आतला मुलगा, कान जरा पुढे आलेले.

"माझा लिसान्द्रो. तुझ्या पितरांच्या मांडणीवर ठेवला तर चालेल? तुमच्याकडे गेलेली माणसं जेवायला येतात म्हणे."

"म्हणे काय! येतातच," फिदेन्सिया म्हणाली. "ठेवा की. आमच्या क्रिसोफोरोला एकट्याने जेवायला आवडतच नसे."

क्रिसोफोरो तिचा नवरा. अकरा वर्षं झाली त्याला जाऊन. झेंडूच्या फुलांत त्याच्या फोटोशेजारी लिसान्द्रोचा फोटो बसला. नेलिदा कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि मग म्हणाली, "एक ताट मी करणार. माझ्या हाताने. त्याला चालेल असं. मला दुसरं काही नको."

आमच्या गावात पितर एक नोव्हेंबरला दुपारी तीनच्या घंटेला येतात आणि दुसऱ्या दिवशी तीनलाच जातात. तेवढे चोवीस तास. त्या दिवशी सकाळी वाटण परतायची वेळ झाली तेव्हा नेलिदा अंगणात फुलं बांधत होती. फिदेन्सियाने कढईत नेहमीसारखा चमचा सोडला, वर वाटण घातलं. मिरच्यांचा असा खकाणा उठला की नेलिदा शिंकत शिंकतच आत आली. नाक पुसून कढईत वाकली.

"फिदेन्सिया, ह्यात ग्रासा नाही ना?"

"ग्रासा?" फिदेन्सियाला हसूच आलं. ग्रासा म्हणजे बसच्या चाकाला फासतात ते काळं वंगण. "अहो, ग्रासा कशाला घालू मी मोलेत? ह्यात काही नाही!"

नेलिदाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग तिने कढई उतरवली, मोलेत उकडलेले बटाटे, भोपळा आणि काटेनिवडुंगाची सोललेली पानं सोडून ताट वाढलं, पुसून घेतलं आणि फोटोपुढे ठेवलं.

दोन वाजून गेले होते. आता घरच्यांपुरत्या, चुन्याच्या पाण्यात उकडलेल्या मक्याच्या भाकऱ्या तेवढ्या थापायच्या उरल्या. मातीच्या तव्यापाशी दोघी बसल्या. नेलिदाची भाकरी काही केल्या गोल होईना.

"उरुग्वेचा नकाशा झालाय हा," फिदेन्सिया म्हणाली.

नेलिदाने ती वेडीवाकडी भाकरी तशीच तव्यावर टाकली. आणि कुणी न विचारता बोलायला लागली.

"माझ्या नवऱ्याचं मांसाचं दुकान. चाळीस वर्षं मी ओट्याशी उभी राहून कापलंय. आणि आमच्या पोटी हा. बाविसाव्या वर्षी म्हणतो, आई, मी आजपासून जनावर खाणार नाही. बाप भांडला, मी हसले. म्हटलं, खाटकाच्या घरात गाईचा वकील जन्मला! त्याच्यासाठी मसूर वेगळी शिजवायचे. पण पोर वाळत चाललंय असं वाटायचं गं. मग घालायचे हळूच. चमचाभर ग्रासा, एखादं हाड. तो दर वेळी विचारायचा, आई, ह्यात काही नाही ना? मी म्हणायचे, ह्यात काही नाही."

फिदेन्सिया भाकरी उलटायची विसरली.

"चार वर्षं. मग एका रविवारी त्याच्या दातात हाडाची कपची आली. ओरडला नाही. ताटाच्या कडेला ठेवली, आणि उठला. पुढच्या रविवारी आला तो स्वतःचा डबा घेऊन. दर रविवारी यायचा, माझ्या टेबलाशी बसायचा, डब्यातलं खायचा. चौदा महिने. पाणीसुद्धा बाटलीतलं. मला वाटायचं, राग जाईल कधीतरी. मग ट्रकने उडवलं त्याला. आमच्याकडे यायला निघाला होता. डबा सापडला रस्त्यात. झाकण लागलेलंच होतं." तिने भाकरी काढून फडक्यात टाकली. "वही त्याची. ह्या सात गावांना जाऊन शिकायचं होतं त्याला. म्हणून मी निघाले. एक ताट तरी खरं वाढावं म्हणून."

फिदेन्सियाने विचारलं, कारण आता न विचारून चालणार नव्हतं. "बाई, ग्रासा म्हणजे... ते चाकाचं काळं?"

"चाकाचं कसलं! डुकराची चरबी. पांढरी असते. गरम झाली की पाण्यासारखी होते."

"आणि मान्तेका?"

"मान्तेका म्हणजे लोणी. का गं?"

"काही नाही," फिदेन्सिया म्हणाली, आणि स्वतःच्याच तोंडून ते दोन शब्द ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

ती उठून परसात गेली. हौदाशी उभी राहिली. न सांगून काय बिघडतं? बाई उद्या बस पकडून जाणार, समाधानाने जाणार. सांगितलं तर तिचं काळीज पुन्हा फाटणार, पाटी उतरणार, येसेनिया शहरात तोंड दाखवू शकणार नाही. जिवंत माणसाला चमच्याचा पत्ता लागला नसता. पण पितर? पितर तोंडाने जेवत नाहीत, वासाने जेवतात. म्हणून तर आपण ताट गरम ठेवतो, धूप जाळतो. नाकाने जेवणाऱ्याला कुणी फसवावं! ते पोर एवढ्या लांबून चालत येणार, आईच्या हातचं ताट बघणार, वाकणार, आणि त्याला पहिला वास येणार तो डुकराचा. ह्या घरात. माझ्या दिव्याखाली. फिदेन्सियाने हौदातलं पाणी तोंडावर मारलं आणि आत गेली. तीनला वीस मिनिटं होती.

"बाई, तुम्ही ज्याला ग्रासा म्हणता, त्याला आम्ही मान्तेका म्हणतो," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "मोलेत आहे. चमचाभर. आज नाही, नेहमीच असते. मी मुद्दाम फसवलं नाही तुम्हाला. पण डबा झाकून ठेवत होते, हेही खरं."

नेलिदा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्वतःचे पंजे उलटेसुलटे करून बघत राहिली.

"मला वास आला होता," ती म्हणाली. "कढईत वाकले तेव्हा. मला वाटलं, माझ्याच हातांना येतोय. चाळीस वर्षांचा आहे, जात नाही."

मग ती उठली, ताट उचललं आणि अंगणात नेऊन ओतलं. रिकाम्या जागेकडे बघत दोघी उभ्या राहिल्या. मोले म्हणजे दोन दिवसांचं काम. फिदेन्सियाने मांडणीवरून नजर फिरवली. पावात अंड्याचा बलक, मक्याच्या वाफवलेल्या तामालमध्ये मान्तेका, घेवड्याला फोडणी मान्तेकेचीच. संत्री होती, पण संत्री काय, झाडाने केलेली. आईच्या हातचं काय होतं?

फडक्यात ती वेडीवाकडी भाकरी होती.

"हिच्यात काय आहे?" नेलिदाने विचारलं.

"काही..." फिदेन्सियाने जीभ चावली. "मका. चुना. पाणी."

"तव्याला काय लावलंस?"

"चुन्याचं पाणी."

"आणखी?"

"मका, चुना, पाणी. माझ्या नवऱ्याची शपथ, इथे समोर फोटो आहे त्याचा."

नेलिदाने भाकरी ताटलीत ठेवली. तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली, मागोमाग गावभर फटाके. फिदेन्सियाने धुपाटणं उचललं. घरच्या बाईने उंबऱ्यात जाऊन एकेकाला नावाने आत बोलवायचं, अशी रीत आहे. क्रिसोफोरोला तिने बोलावलं. मग नेलिदाकडे पाहिलं.

"मी नाही," नेलिदा म्हणाली. "माझा आवाज ऐकला की तो डबा उघडेल. तू बोलाव. आणि 'ह्यात काही नाही' म्हणू नकोस. ते त्याने फार ऐकलंय."

फिदेन्सिया उंबऱ्यात उभी राहिली. रस्त्यावर फुलांच्या पाकळ्या, धूर, दारोदारी उभ्या बायका. "लिसान्द्रो, ये बाबा," ती म्हणाली. "आईने केलंय. मका आहे. चुना आहे. पाणी आहे." शेजारची बाई वळून बघायला लागली, तरी तिने पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तीनची घंटा झाली, पितर गेले. नेलिदाची बॅग भरून दाराशी होती, पण ती बसलेली. पितर जेवून गेले की अन्नाची चव जाते, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. फिदेन्सियाने क्रिसोफोरोच्या ताटातला मोले बोटाने चाखला. सपक. मीठ नाही, तिखट नाही, नुसता चिखल. नेहमीसारखा पोटभर जेवला होता मेला. तिला बरं वाटलं आणि लगेच बरं वाटल्याची लाज वाटली.

मग तिने त्या भाकरीचा तुकडा मोडला. कडक झाली होती. तिने सावकाश चावली, डोळे मिटून. कालची भाकरी, मीठ नसलेली. तिला चव होतीच कुठे, जाणार काय आणि राहणार काय?

"जेवला का गं?" नेलिदाने विचारलं. तिचे दोन्ही हात मांडीवर पालथे होते.

हो म्हणायला काय लागतं! एक अक्षर. फिदेन्सियाच्या जिभेवर आलंही होतं. ती बाई तेवढ्या एका अक्षरासाठी सात गावं फिरली होती.

"कळत नाही, बाई," फिदेन्सिया म्हणाली. "खरंच कळत नाही."

नेलिदाने मान हलवली. फोटो पर्समध्ये ठेवला. मग उरलेली भाकरी तिने मागून घेतली आणि बस येईपर्यंत पायरीवर बसून सगळी खाल्ली. पाण्याचा घोटही घेतला नाही.