हात लावल्याबिगर

मी भित्री आहे हे आमच्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, उशाशी जड काही ठेवत नाही, आणि दुसऱ्याच्या कोडखाली माझं नाव घालायची वेळ आली की मला घाम फुटतो. पोट मात्र त्याच नावावर चालतं. कॉम्प्युटरच्या तळाशी कर्नल नावाचा प्रोग्रॅम असतो, बाकी सगळा डोलारा त्याच्यावर उभा. त्यात कुणी बदल सुचवला की ओळ न् ओळ वाचायची आणि बरोबर असेल तर खाली सही करायची, हे माझं काम. तेही लातूरला, घरातल्या हॉलमध्ये बसून.

त्या आठवड्यात माझ्यापुढं नांदेडच्या सर्वेशचा बदल होता. सर्वेश कोचिंग क्लासवाल्यांना परीक्षेच्या लॅब बांधून देतो. पोरं पेपर सोडवतात तेव्हा उत्तरं आधी मेमरीतल्या पानांवर लिहिली जातात. अशा पानांना आम्ही मळलेली पानं म्हणतो. ती नेटवर्कवरून सर्व्हरकडं जातात, सर्व्हर ती डिस्कवर उतरवतो आणि ‘उतरली’ असा निरोप धाडतो. मग पोराच्या पडद्यावर ‘जमा’ दिसतं. सगळ्यांनी एकदम बटण दाबलं की सर्व्हर धापा टाकायचा. सर्वेशनं तो पळता केला होता.

कोड देखणा होता. एकाच अटीपाशी माझं घोडं अडत होतं. फाईल सर्व्हरच्याही मेमरीत उघडी असेल, तर पानं डिस्कवर उतरायच्या आधीच निरोप जातोय की काय, असं मला वाटत होतं. हॉलमधला टेस्टचा सर्व्हर बंद-चालू करून पाहिला. एकही पान हरवलं नाही. सर्वेश फोनवर हसला, म्हणाला, ताई, तुम्हाला कोडमध्ये पण भूकंपच दिसतो. त्याला संध्याकाळपर्यंत सही हवी होती. त्यानंच लॅब बांधून दिलेल्या, आमच्या कोपऱ्यावरच्या क्लासची स्कॉलरशिपची परीक्षा सुरू झाली होती, आणि वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या आमच्या दोघी पोरी, भोकरची मुग्धा आणि चाकूरची रुखसार, उद्याच्या तुकडीत होत्या. मुग्धाची स्कॉलरशिप हुकली तर तिला शिक्षण सोडून घरी जावं लागणार होतं.

लातूरचा तो मोठा भूकंप मी पाहिलेला नाही, तेव्हा माझा जन्मही नव्हता. माझी भीती आईची आहे. त्या पहाटे तिच्या गावात अंधारात कुणीतरी ओरडलं, ह्या घरातले सगळे निघाले. माणसं शेजारचा ढिगारा उपसायला गेली. आईची धाकटी बहीण गुणा आतच होती. तेव्हापासून जरा कुठं जमीन हलली की आमच्या घरात आधी मेन बंद होतो, मग इन्व्हर्टर, मग गॅस, मग सगळे रस्त्यावर. आणि रस्त्यावर आई प्रत्येकाच्या डोक्याला हात लावते. मला कॉलेजात असताना त्याची लाज वाटायची.

त्या दुपारी चहाच्या वेळी आवाज आला. जमिनीच्या पोटातून, भरलेला ट्रक खालून जावा तसा. कपाटाच्या काचा थरथरल्या. टेस्ट अर्ध्यात होती. मी तोंड उघडेपर्यंत आईनं मेन ओढला, इन्व्हर्टर बंद केला. मी लॅपटॉप काखेत मारला आणि जिन्याखालून पोरींना हाक मारली. वरून उत्तर आलं, “आलाव, आलाव!”

रस्त्यावर सगळी गल्ली गोळा झाली होती. आईनं विचारलं, सगळे निघाले का? मी हो म्हणाले.

तिनं माझ्या वडलांच्या, आप्पांच्या डोक्याला हात लावला, रुखसारच्या, माझ्या. मग तिचा हात तसाच थांबला.

“मुग्धा कुठं हाय?”

रुखसारचा चेहरा उतरला. हाक आली तेव्हा ती स्वतः बाथरूममध्ये होती. मुग्धा आधीच खाली गेली असेल असं समजून तिनंच दोघींच्या वतीनं ओ दिली होती. मुग्धा समोरच्या दुसऱ्या एका क्लासच्या माइकला वैतागून कानात बोळे घालून अभ्यास करायची. आई वळलीसुद्धा. गुडघ्यांनी रोज रडणारी माझी आई जिन्यात दिसेनाशी झाली आणि जमीन पुन्हा गुरगुरली. गच्चीवरची कुंडी माझ्यापुढं येऊन फुटली. मला आत धावायचं होतं, पण पाय जागचे हलेनात. आपल्या एका ‘हो’पायी दोघी जातात की काय, एवढंच डोक्यात होतं. आप्पा माझा दंड धरून उभे होते.

दोघी बाहेर आल्या. मुग्धाच्या एका कानात बोळा अजून तसाच होता. आईनं धापा टाकत तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्याकडं पाहिलं.

“हात लावल्याबिगर हो म्हणायचं न्हाई. कितींदा सांगू तुला?”

बऱ्याच वेळानं आत गेलो आणि मेन चालू केला. लॅपटॉप बॅटरीवर जागाच होता. त्यावर शेवटचा निरोप स्पष्ट दिसत होता: उतरली. मी सर्व्हरवरची फाईल उघडली. शेवटची पानं कोरी होती. शिस्तीत बंद केलेला सर्व्हर जाता जाता सगळं उतरवून जातो, म्हणून आजवर काही सापडलं नव्हतं. मेन ओढला की त्याला तेवढी उसंत मिळत नाही.

सर्वेशला फोन केला. तो आधी ऐकेना. म्हणाला, “ताई, चालू परीक्षेत लॅबचा मेन कोण ओढतंय?”

“लातुरात? आवाज झाला की सगळेच.”

तो हळूच म्हणाला, “तुमच्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये मी हा बदल सकाळीच टाकलाय. तुम्ही सही करणारच होता म्हणून. तिथं पेपर चालू होता मघा.”

मी खिडकीशी गेले. कोपऱ्यावर क्लासची पोरं घोळक्यानं उभी होती. खिडकीखालून जाणारी एक मुलगी फोनवर घरी सांगत होती, पेपर झाला, जमा म्हणून आलं बघ, मग पळाले. हसत होती ती.

आई मागं येऊन उभी राहिली. “तिथलं सगळं नीट हाय का गं?”

तोंडावर आलेला हो मी गिळला. चपला घातल्या आणि कोपऱ्याकडं निघाले.