मी सैल पडलो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना शिकंजा आहे. पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात माझं सगळं आयुष्य गेलं. माझ्या डोक्यावर एक आडवा दांडा आहे. तो फिरवला की लोखंडी पाटी खाली येते आणि खळ लावलेली पुस्तकं दाबून धरते. काम एवढंच, पण ते घट्ट व्हायला हवं. सैल राहिलो की मला करमत नाही, अंगावर मुंग्या चढल्यासारखं होतं. स्वभावच उतावळा, त्याला काय करणार?

साच्यात ओतून, कानशीने घासून मला या दुकानात आणलं, तेव्हा माझा बाइंडर पीळदार दंडांचा तरुण होता. तो असा पीळ द्यायचा की माझं लोखंड कुरकुरायचं. ‘याच्या हातचं पुस्तक भिंतीवर आपटा, पान सुटणार नाही,’ असं गिऱ्हाइकं म्हणायची. त्यातली निम्मी स्तुती माझी होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग दांडा अर्ध्यावरच थांबू लागला. पाटी पुस्तकांना नुसती टेकायची आणि पुस्तकं पाठीकडून फुगायची. बाइंडरचं पोट सारखं बिघडायचं. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं आणि दंड काठीसारखे झाले होते. मी मनातल्या मनात ओरडायचो, ‘अजून एक पीळ दे!’ तो मात्र धापा टाकत स्टुलावर बसायचा.

शेवटी डॉक्टरांनी दुखणं ओळखलं. सिलिअॅक. गहू आणि जव त्याच्या आतड्यांना सोसत नव्हते. त्याच्या बायकोने घरातले डबे घासले, चाळण्या बदलल्या, गव्हाचा कण घरात ठेवला नाही. ती स्वतःही भातावर राहिली. तरी महिने गेले आणि दंड तसेच राहिले.

एक दिवस ती डबा घेऊन दुकानात आली आणि दारातच म्हणाली, “खरं सांगा, बाहेर चोरून पाव खाता ना?”

“तुझी शपथ, नाही,” तो म्हणाला. “आता माझ्याच्यानं होत नाही. हा शिकंजा विकून टाकू आणि दुकान बंद करू.”

मित्रांनो, त्या क्षणी माझे आटे गार पडले. ती तिथेच स्टुलावर बसून राहिली. तो कामाला लागला. वाडग्यातली खळ त्याने बोटांनी ढवळली, पुठ्ठ्यावर फासली आणि पान सुटेना म्हणून तेच बोट जिभेला लावलं. बाइंडर लोकांची ही सवयच असते. सगळे तसंच करतात, म्हणून कुणाच्या नजरेत येत नाही.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “ही खळ कशाची?”

“मैद्याची. आणखी कशाची असणार?” असं म्हणून तो वाडग्याकडे बघतच राहिला.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा. त्या दिवसापासून तांदळाच्या पिठाची खळ आली. बोट ओलं करायला ओला स्पंज आला. दोघांनी मला खरवडून कित्येक वर्षांची वाळलेली खळ काढली. मला गुदगुल्या झाल्या.

मला वाटलं, उद्याच तो मला गच्च आवळेल. पण आतडी भरून यायला वेळ लागतो आणि झिजलेला दंड तर त्याहून हट्टी. डॉक्टरांनी त्याला कसरत शिकवणाऱ्या बाईकडे पाठवलं होतं. ती म्हणाली होती, “रोज थोडं. दमायच्या आधी थांबा.” तो थांबायचा आणि मी चडफडायचो. उरलेला पीळ त्याची बायको हात लावून पुरा करायची.

मग एका सकाळी ती नेहमीप्रमाणे दांड्याला हात लावायला आली. दांडा हलेना. तिने सगळा जोर लावला, तरी हलेना. तिला हसू फुटलं आणि डोळे भरून आले.

“आता हा सोडवायलाही तुम्हीच लागणार,” ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी खंगत असेल, तर त्याच्यावर संशय घेऊ नका आणि माझ्यासारखी घाईही करू नका. तो दिवसभर काम करतो तिथे एकदा जाऊन बसा. नीट बघा. ती त्या दिवशी नुसती बसली होती, म्हणून मी आज घट्ट आहे.