त्रेसष्ट किल्ल्यांचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना राखणदार आहे, पण माझ्या हातात काठी नाही आणि मला बसायला स्टूलही नाही. इंटरनेट पाहायला तुम्ही जो ब्राउझर उघडता, त्याच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढी किल्ली दिसते, तो मी. लोक मला पासवर्ड मॅनेजर म्हणतात. माणसांचे पासवर्ड पोटात ठेवायचे आणि योग्य दारापुढे योग्य पासवर्ड काढून द्यायचा, हे माझे काम.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत झाला. दोन मित्रांनी मला घडवले. एकजण दिवसभर मला लिहीत असे आणि दुसरा दिवसभर मला फोडायला बघत असे. दोघांची इतकी भांडणे होत की खालचा शिंपी कात्री घेऊन वर येई. शेवटी मी काही केल्या फुटेना, तेव्हा त्यांनी मला जगात सोडले. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पुढे माझ्याहून देखणे राखणदार आले आणि माझे नाव मागे पडले.

त्याआधीच मी ठकूच्या घरी पोचलो होतो. ठकू हे तिचे घरातले नाव. चाळिशी उलटली तरी तिचे वडील तिला त्याच नावाने हाक मारतात. ती घरी बसून पुस्तकांची प्रुफे तपासते. खिडकीशी टेबल, टेबलावर कागदांचा ढीग, लाल पेन, आमचा म्हातारा संगणक आणि शेजारी अप्पांची वेताची खुर्ची. अप्पा म्हणजे तिचे वडील. चाळीस वर्षे त्यांनी घड्याळे दुरुस्त केली. मग एका डोळ्यावरचा पारदर्शक पडदा गढूळ झाला, पाठोपाठ दुसऱ्याचा, आणि मी या घरात येण्याआधीच दुकान बंद झाले. डोळे उघडे असूनही त्यांना समोर नुसते धुके दिसे. नेत्रदानातून मिळालेला पडदा बसवला तर दिसेल, असे डॉक्टर म्हणाले होते. अकरा महिने त्यांचे नाव रुग्णालयाच्या यादीत होते.

ठकूबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्याच्या पुस्तकातला चुकलेला काना तिच्या नजरेतून सुटत नाही, पण संगणकाने पुढे धरलेली ओळ तिने जन्मात कधी वाचली नाही. चौकट आली की 'ठीक आहे' दाबून मोकळी. मी किती सूचना दाखवल्या, तिने सगळ्या उडवून लावल्या. मला राग येई, पण सांगणार कोणाला?

दुसरी गोष्ट अप्पांची. माझ्यातल्या पासवर्डांची एक प्रत दूरच्या संगणकावर ठेवण्याची सोय होती. पहिल्याच दिवशी अप्पा म्हणाले, "आपल्या घराच्या किल्ल्या परक्याच्या खिशात कशाला?" ठकूने ती सोय बंद केली आणि विसरून गेली. तेव्हापासून त्रेसष्ट पासवर्ड फक्त माझ्यापाशी होते. चोवीस-चोवीस अक्षरांचे, मीच बनवलेले. ते ना ठकूला पाठ होते, ना कुठे लिहिलेले होते.

आता त्या मंगळवारचे सांगतो. सकाळी ब्राउझरने आपणहून नवी आवृत्ती चढवली. उघडला तेव्हा सगळे नवे, चकचकीत आणि मी बंद. मला आतून सगळे दिसत होते, पण माझे हात बांधलेले होते. कोपऱ्यातली किल्लीसुद्धा नाहीशी झाली होती.

दहा चाळीसला अप्पांच्या बटणांच्या फोनवर संदेश आला. ठकूने तो वाचला आणि ती उभीच राहिली.

"अप्पा, पडदा मिळालाय. उद्या ऑपरेशन. आज बाराच्या आत साइटवर संमतीपत्र भरायचंय."

अप्पांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

ठकूने रुग्णालयाचे पान उघडले. पासवर्डाची जागा रिकामी. एरवी मी पापणी लवायच्या आत ती भरतो. तिने कोपऱ्यात पाहिले आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले.

"किल्ली कुठे गेली? काल तर होती."

तिने अंदाजाने एक पासवर्ड टाकला. चूक. दुसरा टाकला. चूक. पान म्हणाले, आणखी तीन वेळा चुकलात तर खाते चोवीस तास बंद. तिने हात मागे घेतला. 'पासवर्ड विसरलात का' दाबले, तर नवा पासवर्ड अप्पांच्या ईमेलवर पाठवला असे उत्तर आले. ते ईमेल फक्त याच संगणकावर उघडत असे, अपडेटने ठकूला तिथूनही बाहेर काढले होते, आणि त्याचाही पासवर्ड माझ्याच पोटात होता. मित्रांनो, भरल्या कोठाराला कुलूप लावून बाहेर माणसे उपाशी बसावीत, तसे मला झाले.

तिने रुग्णालयाला फोन लावला. बराच वेळ नुसते संगीत वाजले. मग एक बाई बोलल्या. "फोनवर संमती घेता येत नाही हो. बारापर्यंत भरलं नाहीत तर मला यादीतल्या पुढच्या पेशंटला कळवावं लागेल. पडदा थांबत नाही."

"मी प्रत्यक्ष येऊ का?"

"किती वेळ लागेल?"

"तीन तास."

"मग काय उपयोग?"

ठकूने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. आमच्या म्हाताऱ्याला उठायला नऊ मिनिटे लागली. अप्पा विचारत राहिले, "किती वाजले?" आणि ती सांगत राहिली. चालू झाला, तरी मी बंदच. अकरा पंधरा.

मग तिने इंटरनेटवर शोधले. अपडेटनंतर पासवर्ड मॅनेजर चालेनासा झालेले पुष्कळ लोक निघाले. कोणीतरी उपाय दिला होता: काढून टाका आणि पुन्हा बसवा, मी तसेच केले, लगेच चालू झाले. खाली किती जणांनी आभार मानले होते! उपाय खोटा नव्हता. पण त्या सगळ्यांची दुसरी प्रत दुसरीकडे होती. ठकूची नव्हती.

"सापडलं, अप्पा. दोन मिनिटांत होईल," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतका हुरूप होता की मला रडू यावे.

तिने एक्स्टेंशनांचे, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या माझ्यासारख्या जोडण्यांचे, पान उघडले. माझ्या नावाखाली 'काढून टाका' होते, ते दाबले. नेहमीसारखी चौकट पुढे आली. तिचे बोट तितक्याच सवयीने 'ठीक आहे'कडे निघाले. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. मी आजवर एवढा कधीच घाबरलो नव्हतो.

"काय म्हणतंय ते?" अप्पांनी विचारले.

"काही नाही, नेहमीचंच."

"वाच."

"अप्पा, वेळ नाहीये."

"ठके, वाच."

अप्पांची ही दुकानातली सवय. कोणाचेही घड्याळ उघडण्याआधी ते पावती गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवत. काचेला चरा आहे, सेकंदकाटा नाही, पट्टा जुना. गिऱ्हाईक कितीही घाईत असले, तरी पावती पुरी झाल्याशिवाय झाकण उघडत नसत. त्यांच्या या सवयीला कंटाळून कितीतरी गिऱ्हाइके शेजारच्या दुकानात गेली होती.

ठकूने चिडून, भराभर वाचायला घेतले. "हे एक्स्टेंशन काढून टाकल्यास या संगणकावर साठवलेली त्याची सर्व माहिती कायमची..." ती थांबली. पुढचे शब्द तिने अगदी हळू वाचले. "कायमची पुसली जाईल."

तिने बोट बटणावरून उचलले.

"दुसरीकडे ठेवलीयेस?" अप्पांनी विचारले.

"नाही," ती म्हणाली. "तुम्हीच नको म्हणालात ना."

"म्हणालो होतो खरा," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "मग ती चौकट बंद कर. आता पान वरपासून वाच. एकही ओळ सोडू नकोस. मला दिसत नाही, तर मला ऐकव."

ठकूने डोळे पुसले आणि लाल पेन हातात घेतले. कागद नव्हता, काही नव्हते, नुसते धरले. पेन हातात आल्यावर मात्र ती खरी प्रुफे तपासणारी ठकू झाली. एकेका शब्दावर टोक ठेवत वाचू लागली. माझे नाव, माझी आवृत्ती, माझे वर्णन. आणि त्याखाली बारीक, फिक्या अक्षरांत: "ब्राउझर अपडेट झाल्यामुळे हे एक्स्टेंशन बंद केले आहे. चालू करण्यासाठी नव्याने परवानगी द्या."

ती ओळ सकाळपासून तिथेच होती.

शेजारचे बटण तिने सरकवले, परवानगी दिली आणि माझे हात सुटले. किल्ली कोपऱ्यात परतली. मी तिला मुख्य पासवर्ड विचारला, तो एकच तिला पाठ होता. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा बरोबर आला. तरी रुग्णालयाच्या पानावरची जागा रिकामीच! ते पान मी बंद असताना उघडलेले होते. "अगं, पान पुन्हा उघड," मी मनात म्हणत होतो. या वेळी ते तिला आपणच सुचले. पान उघडताच मी चोवीस अक्षरे अशी ओतली की एकही सांडले नाही. अकरा त्रेचाळीस.

संमतीपत्र चार पानांचे होते. शेवटी लिहिले होते, 'मी हे सर्व वाचले आहे.' ठकूचे बोट त्यावर गेले, आणि तिने अप्पांकडे पाहिले. मग ती चारही पाने मोठ्याने वाचत गेली. मी मिनिटे मोजत होतो. अप्पा प्रत्येक परिच्छेदाला "हं" म्हणत होते. अकरा सत्तावन्नला तिने पत्र पाठवले. मग तिने डोके टेबलावर टेकले, आणि अप्पांचा हात हवेत चाचपडत तिच्या केसांपर्यंत पोचला.

मित्रांनो, या गोष्टीला आता तीन महिने झाले. त्याच आठवड्यात ठकूने माझ्यातले सगळे पासवर्ड एका वहीत उतरवून कपाटात ठेवले. मला घडवणाऱ्या दोघांनी माझी देखभाल थांबवली आहे, म्हणून तिने नवा राखणदार आणला आणि सगळे त्याच्याही हवाली केले. आज माझा शेवटचा दिवस आहे. जुन्या वस्तू आपल्या आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आम्हाला टाकू नका, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला जपू नका, माझ्यापाशी ठेवलेले जपा. त्याची एक प्रत दुसरीकडे असू द्या, आणि पुढे येणारी ओळ वाचा, मग मला खुशाल काढा. त्या मंगळवारी मी सर्वांत जास्त भ्यालो होतो, ते माझ्यासाठी नव्हे.

आत्ता टेबलापाशी अप्पा बसले आहेत. नाक जवळजवळ संगणकाच्या पडद्याला टेकले आहे, पण कोपरा त्यांनी स्वतःच शोधला.

"हा होय तो? एवढासा?" ते म्हणाले, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी या घरात आलो त्याला सहा वर्षे झाली, त्यांनी मला आज पहिल्यांदा पाहिले.

मग त्यांनी 'काढून टाका'ची चौकट उघडली आणि एकेक अक्षर लावत सावकाश वाचली. ठकू मागे उभी होती. तिने मध्ये एकही शब्द सांगितला नाही.