अर्धा फोटो

"डबी कशी आहे?" ताईंनी विचारलं.

"लहान. गोल." खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी तोंडावरचा रुमाल न काढताच उत्तर दिलं. शेजारी त्यांची सून उभी होती.

"रंग?"

"निळा."

"आत काय होतं?"

गृहस्थांनी सुनेकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे. "औषधं," ते म्हणाले.

ताईंच्या मागच्या फळीवर निळी गोल डबी होती. पण तिच्यात औषधं नव्हती, वरच्या दातांची अख्खी कवळी होती. बस झाडणाऱ्याने सीटखालून आणून दिली होती. आता हे गृहस्थ रुमाल का धरून आहेत ते शेंबडं पोरही सांगेल. पण खूण पटल्याशिवाय वस्तू द्यायची नाही हा बसडेपोच्या हरवले-सापडले खिडकीचा नियम, आणि नियमाच्या बाबतीत ताई सख्ख्या बापाला सोडणाऱ्यातल्या नव्हत्या.

"औषधांची डबी आलेली नाही. नीट आठवून या," त्या म्हणाल्या. गृहस्थ सुनेच्या मागोमाग खाली मान घालून गेले.

ताईंना सगळा डेपोच ताई म्हणायचा, अगदी त्यांच्याहून वयाने मोठे ड्रायव्हरसुद्धा. बाई मनाने वाईट नव्हती, पण पुराव्याची भारी हौस. घरीसुद्धा तेच. कुणी जरा शब्द फिरवला की ताई फोनवर बोट सरकवत सरकवत कुठला तरी जुनापुराणा मेसेज शोधून त्याच्या नाकासमोर धरायच्या. "हे बघ, तूच लिहिलंयस." नवरा बिचारा म्हणूनच फोनवर "हो" आणि "बरं" यापलीकडे काही लिहीत नसे. उद्या अंगाशी यायला नको.

गृहस्थ गेले तसा मामांचा फोन आला. मामांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"पत्रिका पाठवलीय तुला. सगळ्यांनी यायचं," मामा म्हणाले. "धाकटीला मात्र नाही सांगत हं. तुझ्या मामीने ठामच सांगितलंय. आईच्या मरणाची वाट बघणारी मुलगी मांडवात नको, म्हणते."

इथे ताईंनी काही बोलायला हवं होतं. "बघा तुम्ही, तुमच्या घरचं कार्य," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग त्यांनी एकाच छत्रीला दोनदा चिठ्ठी बांधली.

धाकटी म्हणजे ताईंची पाठची बहीण. आई बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती तेव्हा दोघी आळीपाळीने तिच्यापाशी बसायच्या. एका दुपारी आईच्या उशाशी बसून धाकटीने ताईंना लिहिलं होतं, 'ताई, बघवत नाही गं आता. सुटली बिचारी तर बरं.' बहिणीने बहिणीला लिहिलेलं, दुसऱ्या कुणासाठी नव्हे.

पुढे आई गेली आणि तिचं शिवणयंत्र कुणी न्यायचं यावरून दोघींचं वाजलं. वाजलं ते वाजलं, तेही घरच्या सगळ्यांच्या ग्रुपवर. धाकटी म्हणाली, तू पाहुण्यासारखी यायचीस आणि जायचीस. ते ताईंना झोंबलं. त्यांनी बोट सरकवत सरकवत ती दुपार शोधून काढली आणि धाकटीच्या त्या मेसेजचा फोटो ग्रुपवर टाकला. झालं. मावश्या, माम्या, चुलत्या तुटून पडल्या. धाकटीने तोंडातून ब्र काढला नाही. शिवणयंत्र ताईंकडे आलं आणि आजतागायत कापड पांघरलेलं तसंच कोपऱ्यात उभं आहे.

बऱ्याच महिन्यांनी धाकटीचा मेसेज आला. 'बोलू आपण, ताई. पण इथलं सगळं एका दिवसात आपोआप पुसलं जाईल असं करून ठेवलंय. तुझी सवय मला माहीत आहे.'

तेव्हापासून दोघींचं बोलणं एका दिवसाचं. पाणी आलं का, गुडघा कसा आहे, तुमच्याकडे ऊन आहे का. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. आधी ताईंना ते अपमानाचं वाटलं, मग सवय झाली, आणि पुढे तर बरंच वाटायला लागलं. कालचं काही हाताशी नसलं की आज भांडायचं तरी कशावरून?

पण एक गोष्ट होती, ती फक्त दोघींना माहीत होती. ताईंनी टाकलेला तो फोटो कापलेला होता. धाकटीच्या ओळींखाली ताईंचं स्वतःचं उत्तर होतं. 'हो गं. मीही रोज तेच मागते.' ताईंनी तेवढं कापलं आणि वरचं ठेवलं. धाकटीच्या फोनवरही ते पूर्ण होतं. मनात आणलं असतं तर एका बोटाने तिने ताईंना उघडं पाडलं असतं. तिने पाडलं नाही. ताईंना जे आत खायचं ते हेच.

दुपारी डबा उघडण्याआधी ताईंनी लिहायला घेतलं. खोडलं, परत लिहिलं. शेवटी मनासारखं झालं. 'मी फोटो कापून टाकला. तू गप्प राहिलीस. मामा तुला लग्नाला बोलावणार नाहीत ते माझ्यामुळे. मला क्षमा कर.' डोळे मिटून त्यांनी ते पाठवलं. डबा तसाच राहिला.

मेसेजपुढे एकच टिक. संध्याकाळी एकच, सकाळी उठल्या तरी एकच. धाकटीचा फोन बंद होता. ताई दर थोड्या वेळाने बघत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघतात तर मेसेजच नाही. दिवस भरला होता. कुणी वाचण्याआधीच तो पुसला गेला होता.

ताईंचा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगा, आधी तसंच झालं. लिहिलं हेही खरं आणि कुणाला कळलं नाही हेही खरं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दिवशी त्यांनी डबा चाटूनपुसून खाल्ला.

संध्याकाळी घरी पोचतात तोच धाकटीचा फोन.

"अगं, बादलीत पडला होता माझा फोन. आत्ता दुरुस्त होऊन आला. तू काही पाठवलं होतंस का? असलं तरी गेलं असेल एव्हाना."

"नाही गं. सहजच. गुडघ्याचं."

"बरा आहे का?"

"बरा आहे."

"मामांच्या मुलीचं ठरलं म्हणे. तुला पत्रिका आली?"

"आली."

"मला नाही आली अजून," धाकटी म्हणाली. "येईल. मी तिला द्यायला चादर शिवतेय, हातानेच. वेळ लागतो जरा."

ताईंच्या समोर कोपऱ्यात आईचं शिवणयंत्र होतं. "हो, लागतो," त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की त्या यंत्राकडे पाठ करून बसल्या.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ परत आले. एकटेच. रांगेत माणसं होती, तरी ते खिडकीशी आले आणि त्यांनी रुमाल खिशात टाकला. गाल आत गेलेले, ओठ मुडपलेले.

"डबीत कवळी आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "वरची. माझीच."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ताईंनी मान वर करून बघितलं तसं ते हसू जिरलं.

"काही खूण?"

"पुढचा एक दात जरा पिवळट आहे. मीच तसा मागून घेतला होता. खरा वाटावा म्हणून."

ताईंनी डबी काढून त्यांच्या हातात दिली. "परवाच सांगितलं असतंत तर दोन दिवस उपास घडला नसता."

"लाज वाटली हो, सुनेसमोर," गृहस्थ म्हणाले. "पण लाज धरून बसलो तर चावू कशाने?" त्यांनी पाठ फिरवून कवळी बसवली, परत वळून स्वच्छ शब्दांत आभार मानले आणि गेले.

ताईंनी रांगेला हाताने थांबायची खूण केली आणि फोन काढला. धाकटीने आपोआप पुसायचं लावलं होतं ते फक्त लावल्या दिवसापासून पुढचं. त्याआधीचं सगळं होतं तसंच होतं, आणि ताईंना ते पहिल्यापासून माहीत होतं. मग क्षमा मागायला आपण नेमकी एका दिवसात पुसली जाणारी जागा का शोधली? पाप चव्हाट्यावर केलं आणि माफी कानात मागायला निघालो, त्या मनाशी म्हणाल्या.

बोट सरकवत सरकवत ताई त्या दुपारपाशी आल्या. फोटो काढला. वरच्या ओळी आणि खालची, दोन्ही. तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मागे मी हा फोटो अर्धा कापून टाकला होता. पूर्ण हा आहे. खालचं माझं आहे. जे बोलायचं ते मला बोला.'

एरवी त्या ग्रुपवर सकाळपासून फुलांचा आणि सुविचारांचा रतीब चालतो. तो बंद पडला. एकेक जण वाचत होता.

मग धाकटीचा मेसेज आला, दोघींच्या जागेवर. 'ताई, हे काय केलंस? काढ ते.'

पाठोपाठ दुसरा. 'अजून काढता येतं. सगळ्यांनी बघायच्या आत काढ. मामा वाट्टेल ते बोलतील तुला. मला सवय झालीय.'

शेवटचे तीन शब्द वाचून ताईंचे डोळे भरून आले. खिडकीवर बसून रडणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला.

'राहू दे,' त्यांनी लिहिलं.

धाकटी बराच वेळ काहीतरी लिहीत होती. लिहून खोडत असावी. शेवटी आलं ते एवढंच. 'गुडघा खरंच बरा आहे का?'

सवयीने ताईंची बोटं मेसेजचा फोटो घ्यायच्या बटणांवर गेली. हे तरी ठेवून द्यावं, त्यांना वाटलं. मग त्यांनी बोटं उचलली आणि उत्तर दिलं, 'नाही. दुखतोय.'

तेवढ्यात फोन वाजायला लागला. मामा. रांगेतली माणसं खिडकीकडे बघत होती. ताईंना उठून मागच्या खोलीत जाता आलं असतं, दार लावून घेता आलं असतं. त्या जागेवरच बसून राहिल्या.

"बोला मामा," त्या म्हणाल्या. "हो, माझंच आहे ते."