सिनेमाचे सात बाप

कोक-जार गावच्या वाचनालयात वर्षभरात जेवढी माणसं आली नव्हती, तेवढी तो सिनेमा बघून एका आठवड्यात रडली. ग्रंथपाल बुरुलही रडली. पण मध्येच थांबून म्हणाली, "अगं बाई, हे तर मी वाचलंय!"

सिनेमात रिकामं खोगीर घेऊन घोडी एकटीच दारात येते, आणि घरची बाई रडण्याआधी तिला पाव भरवते. हा प्रसंग कासिमाली नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं साठ वर्षांपूर्वी लिहिला होता. पुस्तक पातळ, वाचक त्याहून विरळ. एक प्रत बुरुलच्या कपाटात होती.

हे सापडलं तेही अगदी वेळेवर. वाचनालय बंद करून सोमवारी त्या खोलीत बिलियर्डचं टेबल यायचं होतं. बुरुल थेट गावप्रमुख शार्शेनकडे गेली.

"सिनेमा आपल्या कपाटातून निघालाय, शार्शेन."

"एजे," वयानं मोठ्या बाईला गावात म्हणतात तसं शार्शेन म्हणाला, "घोड्या घरी येतातच. माझी तर विकल्यावरही आली."

"आणि तुझ्या बायकोनं तिला आधी पाव दिला?"

"तिनं मलाही दिला नाही." शार्शेननं मान खाजवली. सात पिढ्यांच्या बापांची नावं घडाघडा सांगता आली नाहीत तर ज्या गावात कोणी मुलगी देत नाही, त्या गावचा तो प्रमुख. वंशावळीपुढे त्याचं काही चालत नसे. "बरं. शुक्रवारी दिग्दर्शक येतोय. आपल्याच गावातून गेलेला. त्याच्या सिनेमाचे सात बाप राहू द्या, एक दाखवा. मग टेबल अग्निशामक दलाला. नाहीतरी त्यांना काम नाही."

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर खिसा, खिशात कार्ड, कार्डावर वाचकांची नावं : अकरा. बुरुलनं पुढचे काही दिवस ती दिग्दर्शकाच्या बापाशी, आजोबांशी, चुलत्यांशी, एका बदनाम पणजोबांशीही ताडून पाहिली. एकही जुळेना.

शुक्रवारी सभागृह भरलं. बुरुल पुस्तक छातीशी धरून उठली आणि दिग्दर्शकाला म्हणाली, "बेकझान, बाळा, हे कधी वाचलंस?"

बेकझाननं मुखपृष्ठ पाहिलं. "नाही, एजे. खोटं कशाला बोलू, मी पुस्तकं वाचतच नाही."

शार्शेननं फोन काढला; टेबलवाल्याचा नंबर असावा.

"मग घोडी आणि पाव?"

"आई सांगायची. कणीक मळता मळता."

बुरुल थबकली. इतके दिवस ती बाप शोधत बसली होती. "आईचं नाव काय रे तुझ्या?"

सभागृहात हशा पिकला. वंशावळीत आईचं नाव विचारतं कोण!

"साल्किन."

बुरुलनं कार्ड काढलं. नववी ओळ : साल्किन, दूध केंद्र. नेलं मार्चमध्ये, परत केलं सात वर्षांनी. हशा थांबला. बेकझाननं कार्ड हातात घेतलं आणि तिथंच स्पीकरवर बिश्केकला फोन लावला.

"आई, कोक-जारच्या वाचनालयातून बोलतोय. कासिमालीचं पुस्तक..."

"मी परत केलंय हो ते!" म्हातारीचा आवाज अख्ख्या सभागृहात घुमला. "आणि त्या पानावरचा लोण्याचा डाग आधीपासूनच होता!"

बुरुलनं घोडीचं पान उघडून शार्शेनसमोर धरलं. डाग होता.

शार्शेननं डागावरून बोट फिरवलं, मग आपला फोन कानाला लावला. "हॅलो, टेबल आणताय ना? हो, सोमवारीच. पण अग्निशामक दलात उतरवा."