चिखल, फळी आणि मी

मी एक जुना डावा बूट आहे. उजवाही आहे माझ्या शेजारी, पण तो पहिल्यापासून अबोल. त्यामुळे आमच्या जोडीच्या वतीने बोलायचे काम माझ्याकडे आले आहे. मित्रांनो, माणसे बुटाकडे वरून बघतात. रंग बघतात, शिवण बघतात, नाडी बघतात. मी मात्र जन्मापासून खालीच बघत आलो. पायाखाली काय आहे, ओले की कोरडे, भुसभुशीत की घट्ट, याचे मला भारी कुतूहल. एखादी नवी जमीन लागली की मला आधी तिची ओळख करून घ्यावीशी वाटते.

ब्राझीलच्या दक्षिणेला, जिथे गल्लोगल्ली बुटांचे कारखाने आहेत, तिथे माझा जन्म झाला. वरून काळा, आतून करडा, आणि तळाला मक्याच्या दाण्यांसारख्या रांगेने बसवलेल्या भरपूर बुटक्या रबरी खुंट्या. प्लास्टिकच्या गवतावर फुटबॉल खेळणाऱ्यांसाठी मला बनवले होते. आमच्या देशात बूट जन्माला आला की लोक आधी त्याच्या नशिबात फुटबॉलच बघतात. पिकिरी नदीकाठच्या एका गावात, ओलिंतो नावाच्या दुकानदाराच्या फळीवर मीही त्याच आशेने बसलो होतो.

एके दिवशी दुकानात एक बाई आली. तिचे नाव जुसिमारा. तिच्या एका हातात आइस्क्रीमचा रिकामा डबा होता आणि दुसऱ्या बगलेत लाकडाची फळी. डब्यात कालवलेली लाल माती होती. तिने दाराशी वर्तमानपत्र अंथरले, त्यावर माती पसरली आणि शेजारी फळी ठेवून तिच्यावर पाणी शिंपडले.

ओलिंतो कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "बाई, बूट घ्यायला आलात की मडकी करायला?"

"बूटच. पण घालून आरशात बघायचे नाहीत मला. घसरून बघायचे आहेत."

"घसरायचंच असेल तर बाहेर रस्ता आहे की. फुकट घसरा."

"बाहेर गोटे आहेत, ओलिंतो. मला चिखल आणि फळी दोन्ही हवेत, एकामागोमाग एक."

तिला असे का हवे होते, हे मला नंतर कळले. जुसिमारा पळत पळत नेमबाजी करायची. या खेळात एका जागी उभे राहून नेम धरत नाहीत. घंटी वाजली की धावायचे, आडोशामागून कागदी लक्ष्यांवर नेम साधायचा, पुन्हा धावायचे, वळायचे. नेमही मोजतात आणि वेळही. आणि एक नियम सगळ्यांत कडक. काहीही झाले तरी पिस्तुलाचे तोंड समोरच्या मातीच्या बांधाकडेच राहिले पाहिजे. पाय घसरला, माणूस गर्रकन फिरला आणि त्याच्याबरोबर पिस्तूलही फिरले, तर पंच त्याच क्षणी खेळ थांबवतो आणि त्या माणसाला घरी पाठवतो. कोणाची काही गयावया चालत नाही.

आदल्या वर्षी जुसिमाराचे नेमके तेच झाले होते. तिने फुटबॉलचे लांब खुंट्यांचे बूट घातले होते, कारण चिखलात ते चांगले रुततात असे सगळेच सांगायचे. चिखलात ते रुतलेही. पण पुढे लाकडी फळी आली आणि त्या लांब खुंट्या तिच्यावर कचकड्यासारख्या सटकल्या. स्पर्धा जोडीची होती. दोघींच्या गुणांची बेरीज व्हायची. एक बाद झाली की दुसरीची मेहनतही पाण्यात. आणि दुसरी होती तिची सासू नोएमिया, आमच्याकडे बाईंना मानाने म्हणतात तशी दोना नोएमिया, जिने तिला हा खेळ शिकवला होता.

तर त्या दिवशी ओलिंतोच्या दुकानात जुसिमाराने एकेक बूट पायात घालून पाहिला. धावण्याचे बूट फळीवर झकास चालले, पण मातीत दोन पावले टाकताच त्यांच्या तळाच्या बारीक रेघा बुजून गेल्या आणि तळ पोळपाटासारखा गुळगुळीत झाला. डोंगर चढायच्या बुटांनी दोन्हीकडे पकड घेतली, पण ते घोट्यापर्यंत उंच आणि जड होते. चटकन वळायला गेली तर पाय वळायच्या आधी कंबर वळायची. मग माझी पाळी आली. तिने माझ्या खुंटीत अंगठ्याचे नख रुतवून पाहिले. नख रुतले.

"मऊ आहे रबर," ओलिंतो म्हणाला. "लवकर झिजेल. आधीच सांगून ठेवतो."

"झिजू दे. मऊ आहे म्हणून तर धरतो."

तिने मला घातले, टाच आत हलत नाही ना ते पाहिले, आणि मातीत पाय टाकला. आहाहा, काय माती होती ती. लाल, चिकट, हट्टी. ती माझ्या खुंट्यांमध्ये शिरली, पण पाय झटकताच बरीचशी गळून पडली, कारण खुंट्या बुटक्या होत्या आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा होती. मग ओली फळी. तिथे इतक्या साऱ्या खुंट्या एकदम टेकल्या की घसरायला वावच राहिला नाही. जुसिमारा त्या इवल्याशा फळीवर डावीकडे वळली, उजवीकडे वळली, आणि पहिल्यांदाच हसली. प्लास्टिकच्या गवताचे माझे स्वप्न तिथेच संपले, आणि खरे सांगतो, मला त्याचे काडीचेही दुःख झाले नाही.

पुढचे काही महिने आम्ही सराव केला. खडी, वाळू, सिमेंट, गवत, मी सगळ्यांना भेटलो. जुसिमाराला एक सवय होती. खेळाआधी प्रत्येकाला मैदानातून एकदा फिरून यायला मिळते. तेव्हा बाकीचे हात पुढे धरून लक्ष्यांकडे बघत चालायचे. ती खाली बघत चालायची. कुठे ओल आहे, कुठे खडा आहे, हे ती माझ्या नाकाने चाचपून ठेवायची. मला तेव्हा फार मोठे झाल्यासारखे वाटायचे.

आणि याच काळात मला एक गोष्ट दिसली, जी कोणालाच दिसली नव्हती.

दोना नोएमियाचे बूट तपकिरी चामड्याचे होते. रोज सकाळी माते नावाच्या पाल्याच्या चहाचा कडू घोट घेता घेता ती त्यांना पॉलिश करायची. असे चमकायचे की त्यात तोंड बघावे. पण एकदा बाकावर बसून तिने पाय पुढे ताणले आणि मला त्यांचा तळ दिसला. तिथे काहीच उरले नव्हते. टाचेपासून चवड्यापर्यंत सपाट, ताटासारखा. मी सुन्न झालो. बुटाला बुटाचे दुखणे कळते, पण बुटाला तोंड कुठे असते सांगायला? आमची जीभ असते ती नुसती नाडीखाली दडलेली.

स्पर्धेच्या आदल्या रात्री पाऊस झाला. सकाळी मैदान लाल रबडीने भरले होते. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर तर मुद्दाम रचल्यासारखी मांडणी होती. आधी चिखल, मग ओढ्यावर टाकतात तशी लाकडी फळी, आणि फळी संपताच डावीकडे एकदम वळण. पहिल्या दोन टप्प्यांवर दोघीही चांगल्या खेळल्या होत्या. दोना नोएमियाचे गुडघे आता ऐकत नव्हते, आणि यंदाचे वर्ष शेवटचे, हे तिने घरात जाहीर करून टाकले होते. इतकी वर्षे खेळूनही तिच्या नावावर एकही ढाल नव्हती. जुसिमाराला ती हवी होती सासूसाठी. गेल्या वर्षीचे ओझे तिच्या पायांत मला रोज जाणवत होते.

जुसिमारा आधी खेळली. चिखलातून फळीवर, फळीवरून वळणावर. मी धरले, उजव्याने धरले, आणि पंच ओस्वीनोने मान डोलावली. तिच्यानंतर एक दाढीवाला गृहस्थ होता आणि त्याच्यानंतर दोना नोएमिया.

या खेळात प्रत्येकाचा डाव झाला की बाकीच्यांनी पुढे जायचे आणि लक्ष्यांवरच्या भोकांना कागदी टिकल्या चिकटवायच्या, म्हणजे पुढच्याला कोरी लक्ष्ये मिळतात. ज्याची पाळी जवळ आली असेल त्याने मात्र बसून राहावे, अशी रीत आहे. दोना नोएमियाला ही रीत कधीच पटली नाही. टिकल्यांचा रोल घेऊन ती सगळ्यांच्या आधी निघाली.

"तुम्ही बसा ना," जुसिमारा म्हणाली. "तुमची पाळी येतेय."

"मी काय नवरी आहे, सजून बसायला? माझ्या वाटची टिकली दुसऱ्याने का लावायची?"

ती चिखलातून फळीवर चढली आणि तिचा पाय सर्रकन गेला. पडली नाही. शेजारच्या खांबाला धरले. हातात रोल होता, पिस्तूल नव्हते, म्हणून कोणी काही म्हणाले नाही. पण जुसिमाराने पाहिले. ती जवळ गेली, तिला दंडाला धरून बाकाकडे घेऊन आली.

"पाय वर करा."

"कशाला?"

"करा म्हणते ना. घोड्याचा नाल बघतात तसा बघायचाय."

"सासूला घोडी म्हणतेस?"

"पाय वर करा, दोना नोएमिया."

जुसिमाराने तो पाय हातात घेतला आणि तळावरचा चिखल अंगठ्याने पुसला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"बूट माझा आहे, मला माहीत नसणार तर कोणाला?"

"मग नवे का नाही घेतले?"

दोना नोएमिया मैदानाकडे बघत होती. "यंदा संपतंय सगळं. त्यानंतर मला बूट कशाला लागणार होते? वरून चांगले दिसत होते, चालवून घेतलं."

"आणि मघाशी हातात पिस्तूल असतं तर?"

"तर फिटंफाट झाली असती. गेल्या वर्षी तू, या वर्षी मी."

"मला फिटंफाट नकोय." जुसिमाराने तो पाय खाली ठेवला. "गेल्या वर्षी तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. वर्षभर वाट बघितली मी, की आता बोलतील."

"बोलून काय माती सुकली असती?"

जुसिमारा खाली बसली आणि माझी नाडी सोडू लागली. "माप मोठं होईल तुम्हाला. माझे दोन्ही मोजे घाला वरून."

"आणि तू?"

"माझा डाव झालाय. गाडीत चपला आहेत."

अशा रीतीने मी एका पायातून दुसऱ्या पायात गेलो. हा पाय लहान होता, हडकुळा होता आणि थरथरत होता. रोज चमकणाऱ्या त्या बुटांत हे थरथरणे कधी कोणाला दिसले असेल? जुसिमाराने आइस्क्रीमच्या काडीने माझ्या खुंट्यांमधला चिखल कोरून काढला आणि तळ पुन्हा चिखलाला लागू नयेत म्हणून दोना नोएमियाला पाय बाकावर घेऊन बसवले.

दाढीवाल्याचा डाव संपला. सगळे टिकल्या घेऊन निघाले. दोना नोएमियाचा हात सवयीने रोलकडे गेला.

"बसायचं," जुसिमारा म्हणाली. "चिखलात उतरलात तर खुंट्या पुन्हा भरतील."

"माझ्या टिकल्या?"

"मी लावते तुमच्या वाटच्या."

ती गेली. एक चप्पल चिखलाने पहिल्याच पावलाला ओढून घेतली, तशी तिने दुसरीही सोडली आणि अनवाणी पुढे निघाली. दोना नोएमिया बाकावरून बघत होती. ती मान ताठ ठेवून बसली होती, पण माझ्या आत तिच्या पायाची बोटे घट्ट मुडपली होती, रडू आवरताना माणसे ओठ मुडपतात तशी.

मग कोणीतरी पोते टाकले, त्यावरून ती आपल्या जागी गेली. ओस्वीनोची घंटी वाजली. ती धावली म्हणणे धाडसाचे होईल, भरभर चालली. चिखल संपला, फळी आली. तिची डावी टाच जरा पुढे सरकली. मी सरकत होतो, मित्रांनो. मी जितक्या खुंट्या होत्या तितक्या टेकवल्या. रबर दबले, फळीच्या रेषांत घुसले आणि थांबले. वरती तिचे खांदे झुकले, पण हात झुकले नाहीत. पिस्तुलाचे तोंड बांधाकडेच होते. तिने श्वास घेतला, वळली आणि उरलेली लक्ष्ये साधली. पिस्तूल रिकामे होऊन म्यानात गेले, ओस्वीनोने "झालं" म्हटले, तेव्हा कुठे ती बोलली.

"पडले का मी?"

"नाही, आजी."

"मग हिला सांगा, चिखलातून बाहेर ये. सर्दी होईल."

त्या दोघी जोडीत दुसऱ्या आल्या. ढाल छोटी होती. दोना नोएमियाने ती उलटसुलट करून पाहिली आणि "पहिल्यांची यापेक्षा मोठी असते का?" एवढेच विचारले. संध्याकाळी भाजलेल्या मांसाचे ताट घेऊन ती बसली तेव्हाही मी तिच्याच पायात होतो. घरी गेलो तेव्हाही. जुसिमाराने मला परत मागितले नाही.

आणि शेवटचे वर्ष म्हणाली होती ती, ते काही शेवटचे ठरले नाही. पुढच्या हंगामात तिने एके सकाळी माते-चहाचा पेला बाजूला ठेवला आणि मला पायात घातले. कुठे निघालात म्हणून कोणी विचारले तर "बूट पडून आहेत, वाया कशाला घालवायचे" असे उत्तर. मी तिच्याबरोबर खूप हिंडलो. गुडघे कुरकुरायचे, मी धरायचो.

ओलिंतो म्हणाला होता तसे मऊ रबर झिजत गेले. वरून मी अजून ठाकठीक होतो, काळा रंगही टिकून होता. एके दिवशी सरावाला निघताना जुसिमाराने मला उचलले, उलटे केले आणि माझ्या तळावरून अंगठा फिरवला. "यांचं काम झालं," ती म्हणाली, आणि सासूसमोर नवी जोडी ठेवली. दोना नोएमिया कुरकुरली, पण तिने ती घातली. मला व्हरांड्यातल्या मांडणीवर ठेवले गेले. मला वाईट वाटले, खोटे का सांगू. नवी जमीन आता माझ्या नशिबात नाही. तरी त्या अंगठ्याचा स्पर्श आठवला की मला बरे वाटते. कोणीतरी वेळेत पाहिले.

मित्रांनो, तुमच्याही घराच्या दाराशी कोणा थकलेल्या माणसाची पायताणे असतील. वरून स्वच्छ पुसलेली, चांगली दिसणारी. एकदा ती उचलून उलटी करा आणि तळावरून अंगठा फिरवून बघा. आम्हाला बोलता येत नाही, आणि ती माणसे सांगत नाहीत.