हरणी बाजूला बसली

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते. सासरी येऊन चार वर्षं झाली, तरी 'क्रांतीच्या नादाला लागू नका' असं भावकीत अजून माझ्याबद्दल म्हणतात. म्हणोत बापडे. पण गेल्या भादव्यात मी स्वतःच्या पायानं जाऊन एका खोलीत गुमान बसले, ते एका कुत्रीपायी. त्याचीच ही गोष्ट.

हरणी आमची कारवानी कुत्री. लांब तोंड, आत गेलेलं पोट, पाय काटकुळे, पण सुटली की मोटरसायकलला मागं टाकणार. माझे मालक शंभूराज फौजेत आहेत. लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत त्यांनी जतकडच्या बिराप्पा नावाच्या मेंढपाळाकडून ती आणली न् एवढंसं पिल्लू माझ्या ओटीत टाकलं. म्हणाले, माझ्या जागी ही. मी म्हटलं, बरं झालं, ही निदान हाकेला ओ तरी देईल. तेव्हापासून मी विहिरीवर गेले की ती विहिरीवर, मी दळणाला गेले की ती गिरणीच्या दारात.

गेल्या साली ती व्यायला बसली तेव्हा पिल्लू आडवं आलं. इस्लामपूरला डॉक्टर शरयू मॅडमकडे जीपमध्ये घालून नेली. पोट फाडून पिल्लं काढली, त्यातलं एकही जगलं नाही, आणि हरणी कशीबशी वाचली. मॅडमनी तेव्हाच बजावलं, की पुन्हा गाभण राहिली तर ही हाताला लागणार नाही. पिशवी काढून टाकू, पण आधी अंगात ताकद येऊ दे. ताकद यायला महिने गेले, आणि ऑपरेशनची तारीख ठरवावी म्हणेपर्यंत हरणी माजावर आली. आता मॅडम म्हणतात, ह्या दिवसांत कापलं तर रक्त फार जातं, माज उतरल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी आणा. तोवर तीन आठवडे एकाही कुत्र्याला तिच्याजवळ येऊ देऊ नका.

सांगायला काय जातंय! दुसऱ्याच दिवशी सगळ्या आळीची कुत्री आमच्या फाटकाबाहेर ठाण मांडून. त्यातली काही तर ओळखीचीपण नव्हती, ओढ्यापलीकडच्या वाडीतून चालत आलेली. त्यांना निरोप कुणी दिला, हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं. मॅडम म्हणाल्या, वासावर येतात, वास फार लांब जातो. मग कुणी सांगितलं म्हणून कडुनिंबाचा धूर केला, कापराचं पाणी शिंपडलं. कुत्र्यांना कापूर आवडतो असं वाटायला लागलं, कारण संध्याकाळी आणखी दोन वाढली.

गोठ्याला दार नाही, फाटकाखालून कुत्रं सहज शिरतं. आमच्या घरात दगडी भिंतींची, लोखंडी दाराची अशी एकच खोली, परड्यातली. बाजूला बसायची खोली.

त्या खोलीचं न् माझं वैर होतं. लग्न होऊन आले त्या पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी, म्हणजे मनुबाईंनी, हातात गोधडी देऊन मला तिकडं धाडलं. चार दिवस तिथंच बसायचं, कशाला शिवायचं नाही, कुणी लांबून ताट सरकवेल ते खायचं, आणि पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. तीन वर्षं दातओठ खात बसले. त्या भादव्याच्या आदल्या दिवाळीत मात्र सासूबाईंना ठणकावून सांगितलं, आत्या, मी आता त्या खोलीत पाय ठेवणार नाही, पाडून टाका ती. महिनाभर अबोला चालला. मग आत्यांनी विषयच सोडला. पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते मी.

तर आता त्या खोलीत हरणीची रवानगी झाली. सुना बसंनात म्हणून आता कुत्री बसवा, असं आत्या पुटपुटल्या. शेजारच्या शालूबाईंना तर हसू आवरेना. हरणी बाजूला बसली, हे त्यांनी गावभर केलं.

मी रोज काम उरकलं की तिच्यापाशी जाऊन बसायची. बघायला मजा वाटायची, खोटं कशाला सांगू. रक्त जात होतं तेव्हा कुणी दाराच्या फटीत नाक घातलं, तर हरणी अशी अंगावर जायची की तो शेपूट घालून पळायचा. मला वाटलं, ही स्वतःच एवढी खमकी आहे, मग कोंडायचं कशाला? आठवडा उलटून गेला, रक्त फिकं होत होत नुसतं पाणी राहिलं. सुटलो एकदाचे, म्हटलं. आणि त्याच दिवशी बघते तर हरणी दाराशी पाठ करून उभी, शेपूट एका अंगाला धरलेलं, आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल असं कुईकुई चाललेलं. मी लगेच मॅडमना फोन लावला.

"रक्त थांबलं म्हणजे संपलं असं समजू नका," मॅडम म्हणाल्या. "खरा धोका आत्ता सुरू झाला."

मला राहवलं नाही, विचारलंच, मॅडम, आणि बायकांचं? त्या हसल्या. म्हणाल्या, मी जनावरांची डॉक्टर, आणि कुत्रीचं न् बाईचं गणित एक नाही. पण बाईलाही दिवस राहतात ते बहुतेक मधल्या दिवसांतच, पाळीच्या दिवसांत नाही. मी मनात म्हटलं, म्हणजे बघा, ज्या दिवसांत काही होण्यासारखं नाही नेमकं तेव्हाच कोंडायचं, आणि व्हायची वेळ आली की न्हाऊ घालून घरात घ्यायचं. ही रीत कुणी काढली असेल आणि काय बघून, ह्याचाच विचार करत बसले, तर तव्यावरची भाकरी करपली.

त्याच संध्याकाळी सासरे मळ्यातून आले ते तापूनच. लालासाहेब सुभेदार म्हणून रिटायर झालेत. मी त्यांना मामा म्हणते. माणूस मनानं वाईट नाही, पण तोंडातून निघालं की ती ऑर्डर. रानडुकरांनी मक्याची नासाडी केली होती, आणि हरणी मळ्यावर असली की डुकरं फिरकत नाहीत हे खरंच आहे. जेवता जेवता त्यांनी सांगून टाकलं, की कुत्रीचं रक्त थांबलंय, उद्या सकाळी तिला न्हाऊ घाला, आपला गडी नाथाजी साखळी घेऊन येईल आणि मळ्यावर नेऊन बांधेल.

मी म्हटलं, मामा, तिला सोडायची नाही ती वेळ आत्ताच आहे. साखळीला बांधली तर तिला पळतासुद्धा येणार नाही, आणि गाभण राहिली तर मरेल ती.

"माणसाचं चार दिसात निस्तरतंय," मामा म्हणाले, "कुत्रीला काय पंधरवडा लागतोय व्हय?"

डॉक्टर लोक उगी भ्या घालतात, असंही म्हणाले. मग मी शेपटाचं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी ताटातच हात धुतला आणि उठले. सुनेनं सासऱ्यापुढं असलं काही बोलायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. शंभूराजना फोन लावला, पण तिकडं डोंगरात रेंज कुठली. आत्यांकडं बघितलं. त्या खरकटी ताटं गोळा करत होत्या, मान वर केली नाही. मला एवढा संताप आला की भांडी आपटतच घासली. आणि मग भीती वाटायला लागली, कारण माझ्या तोंडाचा ह्या घरात पहिल्यांदाच काही उपयोग नव्हता.

सकाळी नाथाजी साखळी घेऊन हजर. मामा परड्यात उभे. हरणी आतून दार खरवडत होती आणि भिंतीपलीकडं कुत्र्यांचा नुसता कालवा. मी गोधडी काखोटीला मारली, ताट-तांब्या घेतला, आणि दोघांच्या मधून चालत जाऊन दारात उभी राहिले.

"आत्या, मी बाजूला बसले," मी मोठ्यानं म्हटलं आणि आत शिरून दार ओढून घेतलं.

मामा खाकरले न् तोंड फिरवून चालू लागले. नाथाजी तर साखळी पाठीमागं लपवत उलट्या पावली गेला. मामा म्हणजे सरहद्दीवर उभा राहिलेला माणूस, पण सून बाजूला बसलेल्या खोलीच्या दाराला हात लावायची त्याची छाती नाही! मी तोंडात पदर कोंबून हसले. आणि मग रडले. दिवाळीत भांडून मिळवलेलं सगळं एका वाक्यात घालवून बसले होते.

शालूबाईंनी भिंतीवरून विचारलंच, आलीस का ताळ्यावर म्हणून. आत्या एक अक्षर न बोलता ताट सरकवून जायच्या. आत उकाडा आणि वास. हरणी तर वेडी झाली होती. दाराला धडका द्यायची, खायची नाही, मी मिठीत धरून ठेवली की थरथरायची. मी फटीतून बाहेरच्यांना बघायची. एक थोराड काळा कुत्रा सगळ्यांना हाणून दारात पहिला नंबर लावायचा, पण हरणी त्याच्याकडं ढुंकून बघायची नाही. तिचं चित्त होतं एका कानतुटक्या मरतुकड्यावर. त्याच्यात तिनं काय बघितलं देव जाणे, मी तासन् तास बघून मला काही दिसलं नाही.

असे चार दिवस काढले आणि माझं सोंग संपलं. पाचव्या दिवशी न्हायला हवं. हरणीचा माज तर तसाच. सकाळी परड्यात मामांचा आवाज आला. सून न्हाली का, नाथाजीला हाक मारू का, असं ते आत्यांना विचारत होते. मी दाराच्या फटीला कान लावला. कारण मी खोलीत आले त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधीच माझी पाळी होऊन गेली होती, आणि एका घरात राहणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही. आत्यांना माझं खोटं पहिल्या सकाळीच कळलेलं असणार. दिवाळीचं उट्टं काढायला त्यांना एक शब्द पुरे होता.

"न्हाई," आत्या म्हणाल्या. "पोरीच्या अंगावरनं लय जातंय. अजून धा दिस खोलीकडं कुणी फिरकायचं न्हाई. मळ्यावर तुमीच जावा की राखणीला."

मामा गेले. खरंच गेले, बॅटरी आणि काठी घेऊन. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून इथंच सांगते, हरणीचा माज सुखरूप उतरला आणि दिवाळीनंतर मॅडमनी तिचं ऑपरेशन केलं. आता गोष्ट राहिली ती त्या सकाळची.

मामा दिसेनासे झाल्यावर दार किलकिलं झालं. आत्यांनी ताट ठेवलं, पण परत गेल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर टेकल्या. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना? त्या म्हणाल्या, व्हय. मग का, असं विचारल्यावर त्यांनी हरणीकडं बघितलं.

"शंभूच्या पाठीवर माझी दोन गेली," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या खेपंला मी बी गेलेच हुते. दवाखान्यातली बाई म्हणली, आता ऱ्हायलं तर तू जगत न्हाईस. तुझ्या मामांला सांगिटलं. ते म्हणलं, बायका बाळंत व्हत्यातच. सासू ऑपरेशन करू दिईना, तिला अजून एक नातू पायजे हुता. मग काय करू? हितं येऊन बसायची. चार दिसाचं धा करायची, धाचं पंधरा. सारं घर म्हणायचं, मनूच्या अंगावर लय जातंय. दाराला हात लावायची कुणाची टाप न्हवती."

मी हरणीला घट्ट धरलं.

"तू म्हणलीस, खोली पाडा," आत्या पुढं म्हणाल्या. "राग इटाळाचा न्हवता मला. वाटलं, उद्या हिच्यावर तसली येळ आली, तर ही जाईल कुठं?"

मला हुंदका फुटला. तीन वर्षं लांबून ताट सरकवणाऱ्या माझ्या सासूबाई उठल्या, उंबरा ओलांडून आत आल्या आणि माझ्या गोधडीवर मला चिकटून बसल्या. हरणीनं त्यांच्या मांडीवर तोंड टेकलं. तेवढ्यात मामा काहीतरी विसरलं म्हणून माघारी आले असावेत, कारण परड्यातून त्यांनी चहा मागितला.

"आमी तिघी बी बाजूला हाय," आत्यांनी आतूनच सांगितलं. "तुमचा चहा तुमी करून घ्या."